निळ्या पट्टीचा चालक

जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाचा वाढदिवस त्याच्या मायदेशातील नातेवाइकांच्या ध्यानात राहो वा न राहो, तिथल्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाच्या ध्यानात तो पक्का असतो. वाहनपरवान्याचे नूतनीकरण तिथे वाढदिवसाच्या खुंटीला बांधलेले आहे. ज्या वर्षी मुदत संपते त्या वर्षी वाढदिवसाच्या एक महिना आधीपासून एक महिना नंतरपर्यंत केव्हाही यावे, असे सांगणारे पोस्टकार्ड वेळेवर घरी येऊन पडते. कोपरा धरून ते सोलले की आत बारीक जपानी अक्षरांत आपली सगळी कुंडली मांडलेली असते. शुभेच्छा मात्र त्यात नसतात.

या कुंडलीतील सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणजे आपण कोणत्या वर्गातील चालक आहोत हा. पाच वर्षे हातून एकही अपराध न घडलेला चालक उत्तम मानला जातो. त्याच्या परवान्यावर सोनेरी पट्टी येते, तो पाच वर्षे चालतो आणि नूतनीकरणाच्या वेळी त्याला फक्त अर्धा तास व्याख्यान ऐकावे लागते. एखादा किरकोळ अपराध असणाऱ्या सर्वसाधारण चालकाला एक तास, आणि ज्याच्या नावावर अपराध साचले आहेत त्याला दोन तास. उरला तो पहिल्यांदाच नूतनीकरणाला आलेला नवखा. त्यालाही दोन तासच. अपराध केलेला आणि अजून अपराधाला पुरेशी सवड न मिळालेला, या दोघांना कायद्याने एकाच मापाने मोजले आहे, आणि मी त्यांपैकी दुसरा होतो. नवख्याच्या पदरी सोने पडत नाही. आचरण कितीही शुद्ध असले तरी त्याला तीन वर्षांची निळी पट्टी मिळते.

आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंकडे मात्र सोनेरी पट्टीचा परवाना आहे. त्यांनी तो कॉलेजात असताना काढला आणि त्यानंतर आजतागायत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. अशा लोकांना तिथे ‘पेपर ड्रायव्हर’ म्हणतात, आणि त्यांची संख्या कमी नाही. गाडीच चालवायची नाही म्हटल्यावर अपराध घडणार कुठून? त्यामुळे दर पाच वर्षांनी सरकार त्यांना उत्तम चालक म्हणून गौरवते. विमा कंपन्याही सोनेरी पट्टीला सवलत देतात. फक्त तिचा लाभ घेण्यासाठी या बाईंना आधी एक गाडी विकत घ्यावी लागेल. मी रोज कामावर गाडी चालवत जातो, ही माझ्या चारित्र्यातील उणीव आहे, हे मला त्यांच्याशी बोलताना प्रथम उमगले.

तशी माझी आणि तिथल्या परवान्याची ओळख भारतीय परवाना बदलून घेताना झालेली होती. काही देशांचा परवाना असणाऱ्यांना या बदलात परीक्षा माफ असते. भारत त्या यादीत नाही. लेखी परीक्षेत तेव्हा दहा प्रश्न असत. ऑक्टोबर 2025 पासून ते पन्नास झाले आणि त्यांतील पंचेचाळीस बरोबर यावे लागतात, हे ऐकून वेळेत जन्माला आल्याचे समाधान मला आयुष्यात क्वचितच लाभले ते लाभले. एकदा परवाना हातात आला की नूतनीकरणात परीक्षा नसते, असे सगळे सांगतात. ते खरे आहे. परीक्षा नसते, प्रश्न असतात.

नूतनीकरणाच्या केंद्रावर उघडण्याच्या वेळेआधीच रांग लागलेली होती. अर्जावरच्या पहिल्याच चौकटीत माझे नाव घालण्याचा प्रश्न उभा राहिला. पारपत्रावर माझ्या नावाला वडिलांचे नाव जोडलेले आहे, निवास कार्डावर ते तसेच उतरले आणि तिथून सरकारी कागदोपत्री सर्वत्र गेले. ज्यांनी आयुष्यात सायकलखेरीज कोणतेही वाहन चालवले नाही त्या माझ्या वडिलांचे नाव त्यामुळे जपानी चालकांच्या दप्तरात नोंदलेले आहे आणि खिडकीवरची मुलगी पुकारा करते तेव्हा बहुधा तेच आधी ऐकू येते.

जन्मतारखेची गोष्ट आणखी निराळी. परवान्यावर ती सम्राटांच्या कालगणनेत छापतात. माझा जन्म इसवी सन 1985 मधला, आमच्या घरच्या पंचांगाप्रमाणे शके 1907 मधला. पण परवान्याच्या मते मी शोवा 60 मध्ये, म्हणजे सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीच्या साठाव्या वर्षी जन्मलो. त्या काळात आमच्या घराण्याचा आणि जपानी राजघराण्याचा काही संबंध आल्याचे कोणी सांगितलेले नाही. तरी मी तक्रार करत नाही, कारण बाईंच्या मागच्या परवान्याची कथा याहून विलक्षण आहे. त्याची मुदत हेइसेई 33 पर्यंत होती. दरम्यान सम्राट अकिहितो 30 एप्रिल 2019 रोजी पायउतार झाले, दुसऱ्या दिवशी रेइवा पर्व सुरू झाले, आणि हेइसेई 31 नंतर 32 आलेच नाही. जे वर्ष कधी उजाडणारच नव्हते त्या वर्षापर्यंत बाईंना गाडी चालवण्याची मुभा होती, आणि तरीही त्यांनी ती चालवली नाही. आता मुदतीचे वर्ष इसवी सनातही छापतात. सम्राटांचे साल शेजारी कंसात असते.

अर्जासोबत एक प्रश्नपत्रिका मिळते, आणि माझ्या मते या सगळ्या विधीचा गाभा तोच. पाच प्रश्न, प्रत्येकाला होय किंवा नाही. गेल्या पाच वर्षांत तुमची शुद्ध हरपली होती का, हात-पाय काही काळ तुमचे ऐकेनासे झाले होते का, गाडी चालवू नका असे डॉक्टरांनी सांगितले आहे का, हे प्रश्न रास्त आहेत. मद्यपानाविषयीचा प्रश्न वाचताना मात्र मी थबकलो. गेल्या वर्षभरात तीन किंवा अधिक दिवस सलग अंगात मद्य राहील असे पिणे तीन किंवा अधिक वेळा घडले आहे का, असे त्यात विचारले होते. म्हणजे सलग तीन दिवसांचा कार्यक्रम वर्षातून दोनदा झाला असेल तर निर्मळ मनाने ‘नाही’वर खूण करता येते. इतकी बारकाईने आखलेली सवलत पाहून ज्याने हा प्रश्न लिहिला त्याच्याविषयी मला आपुलकी वाटली.

पण माझी खरी कसोटी झोपेच्या प्रश्नाने पाहिली. रात्री पुरेशी झोप घेऊनही दिवसा काही काम करत असताना आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा झोप लागण्याची अवस्था गेल्या वर्षभरात आली आहे का? मी आमच्या कार्यालयातील सोमवारची आढावा बैठक आठवली. मग बुधवारची. गुरुवारी मुख्य शाखेशी दूरस्थ बैठक असते आणि तिच्यात कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा आहे. प्रश्न ‘काम करत असताना’ असा होता. बैठक हे काम आहे की नाही, यावर माझे स्वतःशी बराच वेळ मतभेद चालले. खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत तुरुंगवास किंवा तीन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, असे तळाशी लिहिलेले असल्यामुळे प्रश्न तात्त्विक राहिला नव्हता. ‘होय’ म्हटल्याने परवाना लगेच जात नाही, अशी दिलाशाची ओळही तिथे होती. माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ पाचही प्रश्न न वाचता पाच ‘नाही’ करून निघून गेले. शेवटी, बैठकीत मी काही करत नसतो हे सत्य कायद्यापुढे मांडायला हरकत नाही असे ठरवून मीही ‘नाही’वर खूण केली.

त्यानंतर एका यंत्राजवळ चार-चार आकड्यांचे दोन सांकेतिक क्रमांक ठरवायचे असतात. परवान्यात एक चिप असते आणि तिच्यातील माहिती या दोन किल्ल्यांनी उघडते; जपानी नागरिकाच्या चिपमध्ये मूळ घराण्याच्या नोंदीचे गाव असते, परदेशी माणसाच्या चिपमध्ये त्याचा देश. माझा देश माझ्या चेहऱ्यावरून, नावावरून आणि उच्चारावरून पुरेसा उघड असूनही तो दुहेरी कुलपात ठेवला आहे, ही व्यवस्था मला आवडली. तीनदा चूक क्रमांक घातला की कुलूप बसते.

नेत्रपरीक्षेत अक्षरे वाचायची नसतात. स्विस नेत्रतज्ज्ञ एडमंड लांडोल्ट यांनी काढलेले, एका बाजूला चीर असलेले वर्तुळ दिसते आणि चीर वर आहे, खाली आहे, उजवीकडे की डावीकडे, एवढेच सांगायचे असते. दोन्ही डोळ्यांनी मिळून 0.7 दृष्टी लागते, म्हणजे आपल्याकडच्या सहा-बाय-नऊच्या आसपास. चीर मला लख्ख दिसत होती. घाईत उजव्या-डाव्याचे जपानी शब्द मात्र एकमेकांच्या जागी जाऊन बसत होते. माझे तोंड एक आणि बोट दुसरीच दिशा दाखवत असल्याचे पाहून परीक्षकांनी शांतपणे तोंडाकडे दुर्लक्ष केले आणि बोटाला उत्तीर्ण केले. पुढच्या खोलीत छायाचित्र होते. खुर्चीवर बसल्यावर मान सरळ करा असे सांगेपर्यंत ते काढून झालेले असते आणि सोडवणूक थेट पुढच्या नूतनीकरणालाच होते.

मग व्याख्यान. तिथल्या मैनांबा कार्डावर, म्हणजे नागरी ओळखक्रमांकाच्या कार्डावर, परवाना चढवण्याची सोय मार्च 2025 मध्ये सुरू झाली आहे आणि ती घेणाऱ्या उत्तम व सर्वसाधारण चालकांना व्याख्यान घरबसल्या ऐकता येते. नवख्याला आणि अपराध्याला ते प्रत्यक्षच ऐकावे लागते. शिवाय परदेशी माणसाच्या त्या कार्डाची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली असते, म्हणून मी जुन्या पद्धतीचा परवानाच पसंत केला. माझा व्हिसा पुढच्या वर्षी संपतो. परवाना त्यानंतरही चालू राहील. त्या देशात मी राहावे की नाही हे ठरायचे आहे, पण राहिलोच तर गाडी चालवावी, याविषयी शासनाला शंका नाही.

दोन तासांच्या व्याख्यानाची रचना थेट आपल्या कीर्तनाची होती. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. निरूपणकार हे पन्नाशीपुढचे, कोटाची सर्व बटणे लावलेले गृहस्थ होते आणि त्यांचा विषय होता दंड. गाडी चालवताना हातात फोन धरला तर साध्या मोटारीला अठरा हजार येन. साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊन पादचाऱ्याच्या अंगावर चिखल उडवला तर सहा हजार. हे ऐकताना मला आपल्याकडचे अनेक पावसाळे आठवले आणि मी मनातल्या मनात काही चालकांच्या नावावर बऱ्याच मोठ्या रकमा लिहिल्या. मद्य पिऊन गाडी चालवणाऱ्याबरोबर, ते माहीत असून त्याच्या गाडीत बसणाऱ्यालाही शिक्षा होते आणि त्याला मद्य पाजणाऱ्यालाही.

मग ते हॉर्नकडे वळले. विनाकारण हॉर्न वाजवला तर तीन हजार येन. मालमोटारींच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचत ज्याला अक्षरओळख झाली (महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये त्या मजकुरावर बंदी घातली, पण अक्षरओळख काही परत घेता येत नाही), त्याला हा आकडा ऐकून आपल्या एखाद्या सकाळचा हिशेब करावासा वाटणे साहजिक आहे. मी तो अर्ध्यावर सोडून दिला. पण निरूपणकारांचा पुढचा आकडा अधिक विचारप्रवर्तक होता. डोंगरातल्या आंधळ्या वळणांवर ‘हॉर्न वाजवा’ अशी निळी गोल पाटी असते, आणि तिथे हॉर्न वाजवला नाही तर सहा हजार येन. नको तिथे वाजवण्यापेक्षा, हवा तिथे न वाजवणे दुप्पट महाग. तिथल्या इतक्या वर्षांच्या वास्तव्यात त्या समाजाविषयी मला जे काही कळले, ते या दोन दरांच्या बाहेर फारसे जात नाही.

उत्तररंगातील आख्यान चित्रफितीचे होते. एक सुखी कुटुंब, नवी गाडी, क्षणभर फोनकडे गेलेली नजर, आणि पुढे न्यायालय, तुरुंग, घरावर विक्रीची पाटी आणि बाकड्यावर एकट्याने बसलेली मुलगी. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतील तरुण डोळे पुसत होता. माझ्या डाव्या हाताचे गृहस्थ गाढ झोपले होते. झोपेच्या प्रश्नासमोर ‘नाही’ लिहून गेलेले ते हेच.

व्याख्यान संपल्यावर क्रमांकाने परवाने वाटले. माझ्यावर निळी पट्टी होती आणि छायाचित्रात मान डावीकडे. परवान्याच्या बारा आकडी क्रमांकातील शेवटचा आकडा, तो किती वेळा हरवून पुन्हा काढला गेला हे दाखवतो. माझा आकडा शून्य असल्याचे मी बाईंना दाखवले. त्यांनी कौतुक केले आणि स्वतःचा परवाना काढला. त्यांचाही शून्य होता. गेली कित्येक वर्षे तो कपाटाच्या एकाच खणात आहे, त्या म्हणाल्या.

पुढे त्यांच्या नूतनीकरणाचे पोस्टकार्ड आले. केंद्र स्थानकापासून लांब, बस तासाला एक. तेव्हा त्यांनी फार संकोचाने मला विचारले, आपल्याला त्रास होणार नसेल तर मला तिथवर सोडाल का? मी आनंदाने होकार दिला. त्या आत गेल्या आणि अर्ध्या तासाचे व्याख्यान ऐकून, पाच वर्षांची नवी सोनेरी पट्टी घेऊन परत आल्या. परतीच्या वाटेवर एका चौकातील लाल त्रिकोणी ‘थांबा’ पाटीपाशी मी गाडी पूर्ण थांबवली, दोन्हीकडे पाहिले आणि पुढे निघालो.

“आपण फार छान चालवता,” बाई मागच्या आसनावरून अत्यंत अदबीने म्हणाल्या. “पण मघाशी आपण दोनच सेकंद थांबलात. मी असते तर तीन थांबले असते.”