मखर आणि चार दात

2018 साली राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली आणि आमच्या घरातला कलाकार बेकार झाला. कलाकार म्हणजे मी. पुढे दर वर्षी तुळशीबागेतून कापडी मखर येऊ लागलं. यंदा 1,200 रुपये ऐकून मी भर गर्दीत बोलून गेलो, "एवढ्यात मी घरी लेझर कटर बनवीन." बायकोने हातातलं मखर शांतपणे परत ठेवलं. तिथेच मी फसलो.

तापकीर गल्लीतून मोटरी, त्यांना हुकूम सोडणारं आर्डुइनो नावाचं सर्किट, दातेरी पट्टे आणि पुल्या आल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या रविवारच्या जुन्या बाजारातून. लेझर ऑनलाइन. खोक्यावर ठळक 20 वॉट, आतल्या कागदावर बारीक अक्षरांत प्रकाश 5 वॉट. उरलेले 15 नुसते तापतात. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही साधारण हेच प्रमाण आहे.

धुराचं सांगायलाच नको. 3 मिलिमीटर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी, कापायला चार फेऱ्या लागतात, आणि दुसऱ्या फेरीलाच शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "होम कसला रे?" मी नारिंगी गॉगल लावूनच दार उघडलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मग पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर मोदक कापायला घेतला. निळा किरण अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो, त्याला ओरखडाही काढत नाही, हे मला नंतर कळलं. मोदक उमटला तो खाली टेकू म्हणून ठेवलेल्या आजेसासूबाईंच्या शिसवी पाटावर. पाकळ्या सुरेख आल्या होत्या, पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

खरा घोळ प्रभावळीचा. गोल काढला की उभट यायचा, अगदी अंडं. हिशोब तर चोख होता. पट्ट्याचे दात 2 मिलिमीटरवर, पुलीला दात 20, म्हणजे एका फेरीत 40 मिलिमीटर. मोटरची फेरी 200 पावलांची, ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, एकेका पावलाचे 16 तुकडे करतो. 3,200 भागिले 40, मिलिमीटरला 80 तुकडे. दोन्ही दिशांना 80 भरले होते. तीन रात्री मी पट्टे आवळले, प्रोग्रॅम पुन्हा चढवला, लॅपटॉपला शिव्या दिल्या. तोवर सगळा खर्च 17,000 वर गेला होता. हा आकडा घरात फक्त मला माहीत आहे.

हरतालिकेच्या रात्री आई पोथी वाचायचं भिंग घेऊन मशीनपाशी बसली आणि वाती मोजाव्यात तसे पुल्यांचे दात मोजू लागली.

"अरे, हिला वीस आहेत. हिला सोळाच."

दुकानदार "सेम टू सेम आहे साहेब" म्हणाला होता आणि मी मान डोलावली होती. सोळा दातांना 80 नव्हे, 100 लागतात. म्हणून आडवं सगळं दहाचं आठ होत होतं. आकडा बदलायला अर्धं मिनिट लागलं. पण एमडीएफ संपला होता, रात्रीचे साडेदहा झाले होते आणि मूर्तीचे दोन्ही कान प्रभावळीच्या बाहेर डोकावत होते.

"असू दे," आई भिंग पुसत म्हणाली. "तो स्वतः एकदंत आहे. तुझे चार दात कशाला मोजत बसेल?"

पाट मात्र बायकोने उलटा मांडला.