जीवनावश्यक मशेरी

आम्ही गावी गेलो ते चार दिवसांसाठी. २०२० सालचा पाडवा २५ मार्चला होता. आदल्या शनिवारी कुडाळ स्टेशनावर उतरलो तेव्हा सामान म्हणजे चार दिवसांचे कपडे, ऑफिसचा लॅपटॉप आणि बायकोची कॉफीची बाटली. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला आयेने थाळी न गावल्यामुळे तांब्याची परात बडवली, त्या आवाजाने शेजारची म्हैस दावं तोडून वाडीच्या बाहेर गेली. देशाचं काय झालं ते टीव्हीवर नंतर कळलं. म्हैस मात्र रात्री नऊला परत आली. मंगळवारी रात्री आठला २१ दिवसांचं कुलूप जाहीर झालं आणि मध्यरात्री लागलं. पाडव्याची गुढी उभारली ती लेकीच्या ओढणीची, कारण कोरं कापड आणायला जायचं तर बाजारपेठ बंद.

आये 'लॉकडाऊन' म्हणत नाही, 'लाकडाऊन' म्हणते. आम्ही दोनदा सुधारून पाहिलं. मग तिने पहिल्याच सकाळी मला मांगरातून लाकडं वाहून पडवीत रचायला लावली, तेव्हा तिच्या शब्दाचा अर्थ कळला. गॅस संपला तर मिळेल का, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. तिच्या हिशेबी गॅस ही चैनच.

"तुमचां लाकडाऊन आता इलां," ती म्हणाली, "आमचां दरवर्सा मिरगाक लागता."

यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याआधी मिरगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्रात, पाऊस लागला की मुंबईची बोट बंद, वहाळाला पाणी आलं की वाडी बंद, आणि घरात जे भरून ठेवलंय त्यावर चार महिने काढायचे. या भरून ठेवण्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. मसाला, कुळीथ, आमसुलं, सुके बोंबील, सुकट, फणसाचे पापड, उकडे तांदूळ. आयेची आगोट म्हणजे एक छोटं संस्थान आहे. त्याची किल्ली तिच्या कंबरेला असते आणि माळ्यावर कोण चढणार हे ती ठरवते.

माझी बायको साताऱ्याची, शिस्तीची. तिने लेकीच्या वहीचं मधलं पान फाडून दोन रकाने पाडले: एकावर 'गरज', दुसऱ्यावर 'चैन'. गरजेत पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापावडर, साबण. चैनीत माझं वर्तमानपत्र, लेकीची बिस्किटं आणि (मन मोठं करून) स्वतःची कॉफी. इथवर सगळं ठीक होतं. मग तिने हापूस लिहायला घेतला आणि पेन अडलं.

मुंबईत आम्ही हापूसची पेटी एप्रिलअखेरपर्यंत टाळतो. भाव विचारतो, दुकानदार सांगतो, आम्ही 'बघू' म्हणून केळी घेऊन येतो. इथे त्या वर्षी काय झालं होतं की कलमं लगडलेली, पण ट्रक जाणार कुठे? वाशीचा बाजार कधी चालू, कधी बंद. आंबा काही थांबत नाही, तो आपला पिकतो. ओटीवर गवतात आंबे, खाटेखाली आंबे, देवघराच्या कोपऱ्यात आंबे. सकाळी न्याहारीला आंबा, दुपारी भाताबरोबर आंबा, रात्री आये विचारायची, "आंबो कापू?" तेव्हा लेक रडायची. जोडीला ओल्या काजूगरांची उसळ, जी मुंबईत कोणी बारशाला वाढली तर वाटीकडे बघून जेवावी लागते, ती आठवड्यातून चारदा. आणि साखर संपली ती दहाव्या दिवशी. म्हणजे चैनीच्या रकान्यातल्या सगळ्या वस्तू घरात तुडवत चालावं लागत होतं, आणि गरजेच्या रकान्यातली एकेक वस्तू संपत होती. बायकोने शेवटी हापूस दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिला.

चहा गुळाचा झाला. मासे नव्हते, तेव्हा दहा-बारा दिवस कुळथाची पिठी आणि भाजलेलं सुकट. १० एप्रिलला केंद्राने मासेमारीला सूट दिल्यावर पेडवे दिसले आणि घरात जणू सण आला. वर्तमानपत्राविना मी तगलो. सगळं चाललं होतं.

मग आयेची मशेरी संपली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखू लोखंडी तव्यावर मंद आचेवर काळीशार होईस्तोवर भाजायची. त्या वेळी घरातल्या माणसांनी अंगणात जायचं, नाहीतर ठसका लागून जीव जातो. मग ती तळहातावर चुरडायची आणि जुन्या हिंगाच्या डबीत भरायची. पहाटे साडेपाचला आये मागीलदारी, पोफळीखाली उकिडवी बसते. उजव्या हाताची तर्जनी डबीत बुडवते, ती वरच्या हिरडीवरून डावीकडून उजवीकडे फिरवते, मग खालच्या हिरडीवरून परत. डोळे अर्धे मिटलेले. कोणी हाक मारली तर डावा हात नुसता वर होतो. हे वीस मिनिटं चालतं. ही सवय वाईट आहे, डॉक्टरने तीनदा सांगितलंय, मी तीसदा. ती म्हणते, माझ्या आवशीने ऐंशीपर्यंत लावली आणि मेली ती ताप येऊन.

मशेरी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आये बोलू लागली. गोठा कोणी झाडला नाही, नळाखाली बादली कोणी ठेवली, सुनेने डाळीत हळद किती घातली, १९८७ साली चुलत्याने पोफळीची हद्द कशी सरकवली. आठ वाजेपर्यंत आम्ही तिघंही अंगणात येऊन उभे. त्या वीस मिनिटांचं मोल आम्हाला पहिल्यांदा कळलं. सबंध दिवसात आये गप्प असते ती तेवढीच, आणि तेवढ्यात घर श्वास घेतं.

बायकोने न बोलता वहीचं पान काढलं आणि गरजेच्या रकान्यात, साखरेच्याही वर, 'मशेरी' लिहिलं.

मी मात्र कायद्याने चालणारा माणूस. रात्री सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर चढून, जिथे मोबाइलला दोन दांड्या येतात त्या काजूखाली बसून, १९५५चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा शोधून वाचला. त्यात औषधं आहेत, खतं, खाद्यतेलं, पेट्रोलियम, बियाणं आहे. कच्चा ताग आहे. सुताच्या लडी आहेत. मार्चमध्ये मास्क आणि सॅनिटायझरही घातले होते. मशेरी नाही. उलट १५ एप्रिलच्या केंद्राच्या सूचनांत तंबाखूच्या विक्रीवर आणि थुंकण्यावर बंदी. म्हणजे आमच्या घरात सुताची लडी आणली असती तर मी कर्तव्यदक्ष नागरिक, आणि आईसाठी मशेरी आणली तर गुन्हेगार.

"जीवनावश्यक म्हणजे काय तां?" आयेने विचारलं.

"जे मिळालं नाही तर जीव जातो ते."

"मगे मशेरी नाय गावली तर माझो जीव जावचो नाय," आये म्हणाली, "तुमचो जातलो."

तिठ्यावरचा दुकानदार मागच्या दाराने सगळं देत होता, पण मशेरीचं नाव काढल्यावर त्याने मागचं दारही लावलं. खालच्या वाडीत एक काकी आहे, तिच्याकडे साठा आहे अशी बातमी दूधवाल्याकडून आली. जायचं कसं? तिठ्यावर पोलीस. तेव्हा आयेनेच युक्ती काढली: शेतमाल न्यायला परवानगी आहे, तर स्कूटरवर हापूसची पेटी बांध.

अशा रीतीने मी पाच डझनांची पेटी घेऊन, तोंडाला लेकीच्या ओढणीचा तुकडा बांधून निघालो.

"खंय?" पोलिसाने विचारलं.

"शेतमाल."

त्याने पेटीकडे पाहिलं, माझ्या गोऱ्या पोटऱ्यांकडे पाहिलं, आणि काठीने जा म्हणून खूण केली.

काकी खळ्यात बसून आठळ्या सोलत होती. मी पेटी उतरवली. तिने झाकणसुद्धा उघडलं नाही. "आंबे कित्याक रे? माझेच कुसतत थंय. परत व्हर." पैसे पुढे केले तर म्हणाली, पैशाचं काय करू, दुकान बंद. मग आत गेली आणि मोबाइल घेऊन आली. रिचार्ज संपलं होतं. नातू विरारला, महिनाभर त्याचं तोंड दिसलं नव्हतं. २८ दिवसांचं रिचार्ज मारून दे, मशेरी घेऊन जा.

खालच्या वाडीत दांडी येत नाही. पुन्हा सडा. पेटी स्कूटरवर बांधलेलीच, स्कूटर काजूखाली उभी, आणि मी दोन दांड्यांसाठी दगडावर चढून हात वर करून उभा. रिचार्ज तिसऱ्या खेपेला झालं. पाठीमागे काहीतरी फाटल्याचा आवाज आला म्हणून वळलो तर सीटवर एक माकडीण बसलेली, पोराला पोटाशी धरून, आणि बाकीचे बारा-तेरा जण पेटीत. ते नुसते खात असते तर मी समजू शकलो असतो. ते एक घास घेत होते आणि आंबा फेकून दुसरा उचलत होते. इतका माज मी मुंबईतल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत पाहिलेला नाही. चैन हा शब्द कोणत्या रकान्यात जातो ते त्यांना विचारावं.

काकीने फोन लावून बघितला, सड्यावरच जायला लागेल म्हणून मला वर शिव्या दिल्या, आणि मूठभर मशेरीची पुडी दिली. पुडी मी हेल्मेटच्या अस्तरात घातली.

परतताना तोच पोलीस. "पेटी खाली? इकलंस?"

"माकडांनी खाल्ले."

"मगे हातात काय गावलां?"

"काही नाही."

त्याने मला पुन्हा नीट निरखलं. "मुंबयकार मां तुमी?"

"होय."

"वाटलांच," तो म्हणाला आणि बाजूला झाला. एवढी कणव माझ्यावर सरकारी माणसाने याआधी कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पोफळीखाली आयेचा डावा हात वर झाला आणि घराने श्वास सोडला. मे महिन्याच्या सुरुवातीला दारूची दुकानं उघडल्याची बातमी टीव्हीवर आली, तेव्हा आयेने बोट हिरडीवरच ठेवून एकच वाक्य उच्चारलं: "सोऱ्याक परवानगी आणि माझ्या मशेरीक नाय." मग उरलेली वीस मिनिटं पूर्ण केली.

मेअखेर आगोट भरायची वेळ आली. नवा मसाला, नवी सुकट माळ्यावर चढवायची, म्हणून आयेने लेकीला किल्ली दिली. लेक वरून ओरडली, "आजी, हा तुपाचा मोठा डबा कसला? घट्ट बसलाय." मी शिडीवर होतो, झाकण मीच काढलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या पुड्या, एकावर एक, काठोकाठ. वास आला आणि मला ठसका लागला.

मी खाली बघितलं. आये कुळीथ निवडत होती.

"आये, ही मशेरी कधीची?"

"गेल्या मयन्यार... न्हय, शिमग्याआदीची."

"मग एप्रिलमध्ये ही काढायची नाही? मी पाच डझन हापूस—"

"तो आगोटीचो डबो," आये म्हणाली. "मिरग लागल्याबिगर उघडूचो नाय. झाकण लाव आधी."