कर्बला घासा, म्हणे!

आमच्या मेव्हण्याचं रोजचं येणं-जाणं कोल्हापूर-कागल, हायवेनं. काल रात्री त्यानं एक मेसेज ढकलला: ‘हायवेवर ताबा सुटला तर डाव्या कर्बला, म्हणजे रस्त्याकडेच्या उंच काठाला, टायर घासा, गाडी आपोआप सरळ होते. नाहीच झाली तर मागं क्रॅश बॅरियर, तो लोखंडी पत्र्याचा कठडा, आहेच, डबल संरक्षण! एसयूव्हीला तर भीतीच नाही. टायरात हवा जरा कमी ठेवा.’ खाली त्याची पुस्ती: ‘दाजी, लय भारी हाय हे.’

भारी कसलं डोंबल!

दसरा चौकात २०च्या वेगानं चाक कर्बला घासलं तर सरळ होईलही, एवढं मान्य. पण मेसेज हायवेबद्दल आहे.

आणि ते ‘डबल संरक्षण’ तर जीव घेईल. वेगातलं चाक १५ सेंटीमीटरच्या कर्बवर चढलं की आधी स्प्रिंग दबते, मग उसळी मारते. नाक वर जातं. जो बंपर बॅरियरच्या पत्र्याच्या मधोमध बसायचा, तो वरच्या काठाशी येतो आणि गाडी पत्र्यावरून पलीकडं जाऊ शकते. अमेरिकेतल्या एनसीएचआरपीचा, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय महामार्ग संशोधन कार्यक्रमाचा, ५३७ क्रमांकाचा अहवाल आहे, २००५चा, खास कर्ब आणि बॅरियर या जोडीवरच. त्यांचं म्हणणं, कर्ब ओलांडल्यावर सस्पेन्शन जागेवर यायला साधारण २.५ मीटर लागतात. म्हणून ताशी ६० किलोमीटरच्या वर कर्बच्या मागं तेवढ्या अंतराच्या आत बॅरियर नको. ८५च्या वर कर्ब उतरता, १० सेंटीमीटरच्या आतला, आणि बॅरियर अगदी त्याच्या तोंडाशी, मध्ये मोकळी जागाच नको. आता हिशेब करा: ८०च्या वेगात २५ अंशांनी बाहेर गेलात तर ते अडीच मीटर पाव सेकंदात संपतात. घासायचं कधी आणि सरळ कधी व्हायचं?

एसयूव्ही? ती आडवी घसरत कर्बला अडली तर उंचीमुळंच लवकर उलटते. हवा कमी ठेवली तर टायर तापतो, बाकी काही साधत नाही.

मेव्हण्याला विचारलं, गेल्या पावसाळ्यात राजारामपुरीत खड्डा चुकवताना कर्बला लागली तेव्हा वेग किती होता? म्हणाला, तीस असंल. तेवढ्या वेगातसुद्धा टायरच्या बगलेला लिंबाएवढा फुगा आला होता, आतले धागे तुटून. पंक्चरवाल्यानं हातसुद्धा लावला नाही, नवाच घ्यावा लागला.

यावर त्यानं नुसता अंगठा पाठवलाय. मेसेज त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर अजून तसाच आहे.