हिरवा तारा लावणारा आमचा मित्र

एस्पेरांतोवरचा, म्हणजे वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेवरचा, एक लेख वाचला आणि आमचा दादरचा मित्र डोळ्यासमोर उभा राहिला, त्याला जाऊन आता चार वर्षं होतील. खिशावर कायम हिरवा तारा, म्हणजे एस्पेरांतोचं चिन्ह, लोकलमध्ये कोणी नुसतं विचारलं की हे काय हो, की बोरिवली येईपर्यंत सांगत बसायचा, झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ मध्ये ही भाषा मांडली कारण त्याच्या गावात पोलिश, रशियन, जर्मन, ज्यू सगळे एकमेकांशी फटकून वागायचे. नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या शेवटी आ, बस. मला पहिला शब्द शिकवला तो "पात्सो", म्हणजे शांतता.

रोज पहाटे ध्यान, रविवारी गोराईचा पॅगोडा, पण देवाधर्माचा बडेजाव अजिबात नाही. मुलीच्या फीला पैसे कमी पडले तेव्हा पाकीट टेबलावर ठेवून गेला, चहासुद्धा घेतला नाही, आणि परत करायला गेलो तर म्हणे अरे दुसऱ्या कुणाला तरी दे. असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्याची डिक्शनरी माझ्याकडेच आहे, पानोपानी पेन्सिलने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेत, ते पुसट व्हायला लागलेत म्हणून हल्ली रात्री बसून वहीत उतरवून घेतोय.