पिकअपला पिकअप नाही

"गाडीला पिकअप नाही हो," मी मेकॅनिकला फोनवर म्हणालो.

"मग काय आहे? टेम्पो?"

"पिकअपच आहे. पण तिला पिकअप नाही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग "संध्याकाळी आणा" म्हणून त्याने फोन ठेवला.

चूक त्याची नाही. मराठीने एकाच शब्दाला दोन ठिकाणी नोकरीला लावलंय. मागे हौदा असलेली गाडी म्हणजे पिकअप, आणि पाय दिल्यावर गाडी जी उसळी घेते तीही पिकअप. मला पहिला मिळाला होता, हप्त्यांसकट. दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

भूगावच्या रस्त्याला माझी छोटी नर्सरी आहे, घर कोथरूडला. कुंड्या भरायच्या आणि लोकांच्या गच्च्यांवर पोचवायच्या, हा धंदा. आधीची गाडी साध्या गिअरची होती. डावा गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला क्लच किती वेळा दाबता?" कुणी आकडा विचारला की मला तो आणून दिल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्याच दिवशी नळस्टॉप ते कोथरूड डेपो मोजले. 143. डॉक्टरांनी आकडा ऐकून एक्स-रेसुद्धा काढायला सांगितला नाही. म्हणून ही ऑटोमॅटिक घेतली. सेकंडहँड, डिझेल, सहा गिअर, चार दारं आणि मागे हौदा.

गुडघा बरा झाला आणि दुखणं डोक्याकडे सरकलं.

चांदणी चौकाचा चढ पुणेकरांना सांगायला नको. 2 ऑक्टोबर 2022 ला, मध्यरात्र उलटल्यावर, तिथला जुना पूल स्फोटकं लावून पाडला. ऑगस्ट 2023 मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला, रॅम्प आले, पाट्या आल्या. चढ मात्र कुणी पाडला नाही. पौड रोडने वर येताना मी पाय दाबायचो आणि गाडी ऐकून घ्यायची. नुसती ऐकून घ्यायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की चेअरमन जेवढा वेळ चष्मा पुसतात, तेवढा वेळ काहीच व्हायचं नाही. मग इंजिनाचा आवाज वाढायचा, वेग तिथेच. मागची बस हॉर्न देऊ लागायची. आणि अचानक, मी आशा सोडून पाय अर्धा उचलला की, धाडकन खालचा गिअर पडायचा आणि हौद्यातले अरेका पाम एका रांगेत मागे झुकून परत उभे राहायचे. मी दचकून पाय आणखी उचलला की गाडीला वाटायचं चढ संपला. लगेच वरचा गिअर. त्यात दम नाही म्हणून परत खालचा. तिसरा, चौथा, तिसरा, चौथा, असं खो-खो खेळत आम्ही वर पोचायचो.

आमचे माळीकाका शेजारी बसलेले असतात. बोलतात कमी. एकदा अशीच गाडी चढावर रेंगाळलेली असताना म्हणाले, "दादा, ही घरी विचारून सांगते म्हणतीय."

मेकॅनिकने मन लावून काम केलं, हे सांगायला हवं. एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, टर्बोच्या पाइपांना साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात का ते पाहिलं, गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. शेवटी पायाखालची चटई काढून बाजूला ठेवली, स्वतः चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मस्त पळते की! काही झालेलं नाही हिला." मग चटई झटकून जशीच्या तशी परत अंथरून दिली. माणूस तसा टापटिपीचा.

कोथरूडच्या माणसाला गाडीचा प्रश्न पडला आणि गॅरेजमध्ये सुटला नाही तर तो टेकडीवर जातो. वेताळ टेकडीच्या या अंगाला एआरएआय आहे, 1966 सालापासूनची. गाड्यांच्या चाचण्या आणि प्रमाणपत्रं हे तिचं काम, म्हणून टेकडीलाही लोक एआरएआय टेकडीच म्हणतात. संस्थेचा वाण लागला म्हणा, पण सकाळी सहाला वर फिरणाऱ्यांत दर तिसरा माणूस कुठल्या ना कुठल्या गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला भेटतो. त्यातल्या एका काकांपुढे मी माझं दुःख मांडलं. त्यांनी काठी उलटी धरली आणि मातीत दोन रेघा ओढल्या.

"ही आडवी, गाडीचा वेग. ही उभी, तुमचा पाय. कुठला गिअर कधी टाकायचा ते या दोघांवरून ठरतं. तुम्हाला काय वाटतं, पाय दाबला की इंजिनात डिझेल जातं?"

मला तसंच वाटत होतं.

"छे! तुमच्या पेडलला आता वायर जाते, तार नाही. तुम्ही नुसता अर्ज करता. पेडलजवळ दोन सेन्सर असतात, एक दुसऱ्यावर लक्ष ठेवायला. दोघांचं जमलं की कॉम्प्युटर ठरवतो की या माणसाला किती टॉर्क हवा. मग बघतो हवा किती आहे, कारण हवेपेक्षा डिझेल जास्त झालं तर धूर. हवा आणणार टर्बो, टर्बो फिरणार धुराड्यातल्या गॅसवर, आणि गॅस येणार डिझेल जळल्यावर."

"म्हणजे आधी काम की आधी पैसे?"

"तेच. त्यात ऑटोमॅटिकचा कॉम्प्युटर वेगळा. तो गिअर बदलताना इंजिनाला सांगतो, क्षणभर दम धर, माझ्या क्लचप्लेटा जळतील. आणि इंजिन नि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे मधे तेल. तेलातून निरोप पोचायचा तर वेळ लागणारच."

"मग मी काय करू?"

"ट्यूनिंग करून घ्या, म्हणजे कॉम्प्युटरमधले हे हिशेब बदलून घ्या. नाहीतर पाय नीट दाबा."

त्यातलं दुसरं वाक्य मी ऐकलं नाही.

मधल्या काळात भाच्याने एक डबी आणून लावून दिली. ती पेडलची वायर आणि पेडल यांच्यामध्ये बसते. आपण 30 टक्के दाबलं की पुढे 60 सांगते. ताकद काडीची वाढत नाही, नुसतं निरोप्याने तिखटमीठ लावून सांगायचं. कर्वे रोडच्या गर्दीत दोन दिवस आम्ही बेडकासारखे उड्या मारत गेलो आणि माळीकाका "मी पीएमपीने येतो" म्हणाले. डबी परत.

शेवटी भोसरी. ट्यूनिंगवाला म्हणजे पंचविशीतला एक पोरगा, लॅपटॉपच्या बिजागरीला चिकटपट्टी. असले लॅपटॉप पाहून मला धीर येतो, कारण काम करणाऱ्याचीच वस्तू अशी झिजते. त्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडली, बॅटरीला चार्जर लावला, मूळ फाइलची कॉपी काढून ठेवली आणि म्हणाला, "काका, आधी एक राउंड मारू. तुम्ही चालवा, मी बघतो."

स्पाइन रोड रुंद आणि सकाळी बऱ्यापैकी मोकळा. तो शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन.

"आता फुल दाबा."

दाबलं.

"फुल, काका."

"फुलच आहे."

"नाही, पूर्ण दाबा."

"अरे, पाय जमिनीला टेकलाय माझा!"

"लॅपटॉप 68 म्हणतोय."

मी आणखी जोर लावला. 68. दात-ओठ खाऊन दाबलं. 68. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरून माझ्या बाजूला आला, वाकला आणि पेडलखाली हात घातला. बराच वेळ तो तसाच होता. मला त्याची फक्त पाठ दिसत होती, आणि ती हलत होती.

काथ्याची चटई. दारात टाकतात ती, बोटभर जाड, लाल अक्षरांत 'सुस्वागतम' लिहिलेली. नर्सरीतला चिखल गाडीत येतो म्हणून मीच सुरीने कापून बसवली होती. 'सुस्वाग' माझ्या पायाखाली आणि 'तम' शेजारी, माळीकाकांच्या पायाखाली. पेडलच्या खालच्या टोकाने 'स्वा'मध्ये चांगला अंगठाभर खड्डा पाडला होता. पेडल तळाला गेल्याशिवाय गाडी झटकन खालचा गिअर टाकत नाही, त्याला किकडाउन म्हणतात, हे तेव्हा कळलं. इतके महिने चांदणी चौकात मी मागायचं थांबवलं होतं 68 टक्क्यांवर, आणि शिव्या गाडीला.

पोरगा सज्जन होता. डोळे पुसून म्हणाला, "काका, निम्मं काम इथेच झालं. लॅग, म्हणजे पाय दिल्यावरचा उशीर, थोडा राहील, पण चालेल. जा घरी, पैसे नकोत."

आणि इथे मी तो निर्णय घेतला ज्याचा हिशेब अजून लागत नाही. घरी मी ट्यूनिंगला जातो म्हणून सांगून आलो होतो. टेकडीवर सांगितलं होतं. आता परत जाऊन काय सांगू, पायपुसणं काढलं? म्हणालो, "नाही, नाही, आलोय तर करूनच टाक." 28,000 रुपये.

त्याने केलं मात्र शहाणपणाने. धुराची मर्यादा होती तशी ठेवली, पीयूसीला अडचण नको म्हणाला. ताकद थोडीच वाढवली, तीही खालच्या आरपीएमला. चढावर तिसरा गिअर जास्त वेळ धरून ठेवायला सांगितलं आणि पेडलचं सुरुवातीचं अंतर तिखट केलं. नव्या गाडीवर असलं काही केलं तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. माझ्या गाडीची वॉरंटी पहिल्या मालकाबरोबरच गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौद्यात 20 कुंड्या, शेजारी माळीकाका. पौड रोड. चढ आला. सवयीने, म्हणजे 'सुस्वागतम'च्या हिशेबाने, मी पेडलवर पूर्ण भार टाकला.

पुढचं सगळं फार पटकन झालं. गाडीने विचारलं नाही, चष्मा पुसला नाही, गिअर कधी पडला तेही कळलं नाही. डाव्या बाजूची पाटी वाचायच्या आधीच मागे गेली आणि भूगावऐवजी आम्ही हायवेच्या रॅम्पवर, तोंड मुंबईकडे. मागून मातीच्या कुंड्यांचा एकामागून एक असा आवाज येत होता की मी आरशात बघायचं टाळलं. बाणेरला उतरून वळून येईपर्यंत कुणी बोललं नाही. नर्सरीच्या फाटकात माळीकाका उतरले, हौद्यात डोकावले, नऊ कुंड्या मोजल्या आणि म्हणाले, "आता न विचारताच हो म्हणतीय."

पुन्हा भोसरी. पेडल निम्म्यावर आणून शांत केलं, गिअरचं तेवढं ठेवलं. याचे पैसे पोराने घेतले नाहीत, "चटईचं डिस्काउंट" म्हणाला. आता गाडी बरी आहे. घरी मी "कॉम्प्युटरमध्ये प्रॉब्लेम होता" एवढंच सांगितलंय.

'सुस्वाग' नर्सरीच्या ऑफिसच्या दारात टाकलीय, चांगली वस्तू फेकवत नाही. परवा टेकडीवरचे काका कढीपत्त्याचं रोप न्यायला आले. पाय पुसता पुसता थांबले. चष्मा वर केला, वाकले, त्या खड्ड्यात अंगठा घालून पाहिला. मग बाहेर उभ्या पिकअपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ट्यूनिंग केलं म्हणत होतात ना?"

"हो."

"कितीला पडलं?"

मी त्यांच्याकडून रोपाचे पैसे घेतले नाहीत.