शिळं पाणी ओतून देण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने.’ ही सूचना वाचली की बुधवारी संध्याकाळीच कामाला लागा. पिंप, बादल्या, कळशी, कुकर, पोरांचा टब, हाताला लागेल ते काठोकाठ भरा. माणशी १३५ लीटरच्या सरकारी निकषाने चौघांच्या घराला दिवसाला ५४० लीटर लागतात. गच्चीवर टाकी आहे, पण टाकीवर विश्वास ठेवणारा पुणेकर अजून जन्माला यायचा आहे.

खरी मेहनत शुक्रवारची. नळाला करंगळीएवढी धार आली रे आली की भरलेलं सगळं मोरीत ओता. का, तर ते शिळं. क्लोरीनचं पाणी घासलेल्या भांड्यात, झाकण ठेवून, हात न बुडवता ओगराळ्याने घेतलं तर दोन दिवसांत नासत नाही, असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. ताजं म्हणून जे नळाला येतंय ते पानशेत-वरसगाव धरणांत गेल्या पावसाळ्यापासून पडून आहे, हे तर मनातही आणू नका. फरशी, कुंड्या, संडास अशा वाटा सुचतील. पण त्यासाठी बादली उचलावी लागते, मोरी जागेवरच असते.

फ्लशची टाकी गळते का, हे कधीच तपासू नका. तपासणं इतकं सोपं आहे की एकदा केलं की सुटका नाही. टाकीत चिमूटभर जिलबीचा रंग टाकायचा, २० मिनिटं कोणी फ्लश करायचा नाही. खाली भांड्यात रंग उतरला की तळाचा रबरी वॉशर गेला. टँकर-बोअरच्या क्षाराने तो कडक होतो, कडेवर पांढरा थर धरतो आणि नीट टेकत नाही. वॉशर धड असूनही टाकी भरतच असेल, तर फ्लोट, म्हणजे पाणी भरलं की नळ बंद करणारा तरंगता गोळा, वर चढलेला असतो आणि जादाचं पाणी मधल्या उभ्या नळीतून गुपचूप खाली जातं. फ्लोटचा स्क्रू फिरवून पाणी नळीच्या तोंडापेक्षा इंचभर खाली ठेवलं की काम झालं. पण आवाज येत नाही, भिंतीला ओल येत नाही, मग कशाला त्रास? वॉशरला अमृततुल्यातल्या दोघांच्या चहा-क्रीमरोलइतके पैसे पडतात. तेवढ्यात चहा होतो.

आर.ओ., म्हणजे क्षारही गाळणारं यंत्र, मात्र हवंच. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लीटरला ५०० मिलीग्रॅमपर्यंत चालतात आणि खडकवासल्याचं पाणी त्याच्या कितीतरी खाली असतं, त्याला जंतू मारणारं यू.व्ही. पुरतं. तरीही शेजाऱ्यांकडे आहे म्हणून आर.ओ. बसवा. एक लीटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लीटर बाहेर पडतं, त्याची बारकी नळी सिंकमध्येच सोडा. नळीखाली बादली ठेवली तर रोजची फरशी त्यात पुसून निघेल आणि उगाच काटकसरी म्हणून नाव होईल.

आता सांडपाणी. भजी तळून उरलेलं तेल गरम असतानाच सिंकमध्ये ओता आणि वर कढत पाणी सोडा, म्हणजे ते तुमच्या नाही, खालच्या मजल्याच्या पाइपात जाऊन गोठेल. कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून तो कागद कचऱ्यात टाकणं हे रद्दी विकणाऱ्याला शोभत नाही. कपड्यांना पावडर फेसाच्या मापाने घाला. फ्रंट लोडला अर्ध्या भरतीवर साधारण दोन चमचे पुरतात. जास्त घातलीत तर बरीच यंत्रं फेस ओळखून आपणहून आणखी एकदा खळबळतात. म्हणजे पावडरही जास्त आणि पाणीही. पावडरीतला फॉस्फरस आणि संडासातला नायट्रोजन मिळून मुठा नदीत जलपर्णी पोसतात. मग ती काढण्याचं टेंडर निघतं आणि चार जणांच्या पोटाची सोय होते. उरलंसुरलं मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात जातं. तिथून सोलापूर पाणी पितं, पण सोलापूर लांब आहे.

सोसायटीत एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून फ्लशला देणारा प्लांट, असेल तर तुमचं कर्तव्य मोठं. तिथले जिवाणू हवेवर जगतात, म्हणून हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद करून विजेचं बिल वाचवा. काही तासांत टाकी काळी पडते आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. तो खालच्या मजल्यावर जास्त येतो आणि कमिटी वरच्या मजल्यावर राहते. जे जिवाणू तगतील त्यांच्यासाठी फरशी उजळायला ॲसिडची बाटली आहेच. फक्त त्यात ब्लीचिंग पावडर मिसळू नका, ही विनंती उपरोध सोडून: क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात माणूस कोसळतो. प्लांट जिवंत आहे का, हे ऑपरेटरला विचारू नका. तो हवेच्या टाकीतलं पाणी लीटरभर काचेच्या जारमध्ये घेऊन अर्धा तास ठेवेल. तपकिरी गाळ खाली बसून वर निवळ पाणी राहिलं तर ठीक. काळं, गढूळ आणि वासाचं राहिलं तर काय, ते सर्वांना कळेल. मेलेला प्लांट पुन्हा लागायला दोन-तीन आठवडे लागतात, शेण नाहीतर दुसऱ्या प्लांटचा गाळ आणून टाकावा लागतो. त्यापेक्षा फ्लशलाही टँकरचं पाणी जोडा. बिल मेंटेनन्समध्ये सगळ्यांत वाटलं जातं, म्हणजे कोणाचंच नसतं.

एखाद्या सभासदाने वार्षिक सभेत हे काढलंच, तर विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणाऱ्या विषयां’त टाका. तोवर वडे आलेले असतात.