‘हे समुपदेशन की संमोहन?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

परीक्षेच्या भीतीवर संमोहन वापरण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गणपतीच्या मांडवात होणारे संमोहनाचे प्रयोग आणि माझं काम यांत तुम्हाला फरक दिसत नाही. दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणं समुपदेशकाला शोभत नाही, असं तुम्ही म्हणता. शिवाय मेस्मर या अठराव्या शतकातल्या डॉक्टरची ही विद्या फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने १७८४ सालीच मोडीत काढली, हेही लिहिलंत.

त्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे शास्त्रज्ञ होते. मेस्मर सांगायचा तसा अंगातून वाहणारा चुंबकीय द्रव नसतोच, हे त्यांनी दाखवून दिलं. पण त्याच्या उपचाराने लोकांना जे होत होतं ते खोटं, असं ते म्हणाले नाहीत. ते कल्पनाशक्तीमुळे होतं, असं म्हणाले. काका, माझं सगळं काम याच कल्पनाशक्तीवर चालतं.

लेखातला मुलगा (त्याला विचारूनच लिहिलं होतं) स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसतो. प्रश्नपत्रिका हातात पडली की हात गार पडायचे, वाचलेलं डोक्यात शिरायचं नाही. त्याला मी झोपवलं नाही. खुर्चीत बसून श्वास संथ करायचा, पावलांपासून खांद्यांपर्यंत अंग सैल सोडायचं आणि परीक्षेचा दिवस डोळ्यांपुढे आणायचा: आधी खोलीला कुलूप लावणं, मग केंद्राचं फाटक, मग बाक, सगळ्यात शेवटी प्रश्नपत्रिका. भीती वाटली की त्याने बोट उचलायचं आणि आम्ही एक पायरी मागे यायचं. पहिले तीन आठवडे आम्ही फाटकाच्या आत गेलोच नाही. यात ताबा कुणाचा होता, तुम्हीच सांगा. भीती अशी पायरीपायरीने उतरवण्याची पद्धत मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली पुस्तकात मांडली. अंग सैल व्हावं म्हणून ते स्वतः संमोहनाचा आधार घेत. आज ती वर्तनोपचारात सर्रास शिकवतात.

हे सगळ्यांना चालणार नाही, हा तुमचा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. भास-भ्रम होणाऱ्या माणसावर मी हे करत नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. हे लेखात यायलाच हवं होतं. आणि विसरलेल्या आठवणी किंवा मागचा जन्म खणून काढायला संमोहन वापरणं मला धोक्याचं वाटतं. त्या अवस्थेत ‘तेव्हा खोलीत कोण होतं?’ एवढं विचारलं तरी कुणीतरी दिसू लागतं, आणि ती आठवण खऱ्याइतकीच पक्की वाटते. त्यापायी एखाद्या बापावर, काकावर आयुष्यभराचा आळ येऊ शकतो. असं काही हवं म्हणून फोन आला, तर मी नाही म्हणते.

त्या मुलाचं पुढे काय झालं, हेही विचारलंत. या वेळी तो पूर्वपरीक्षेला पूर्ण वेळ बसला. निकाल लागायचा आहे.